वेळेआधीची ठिणगी

वडिलांच्या पश्चात घरातल्या दप्तराची वाटणी झाली, तेव्हा जमिनीचे उतारे थोरल्या बंधूंकडे गेले, सोसायटीचे कागद धाकट्याने नेले, आणि माझ्या वाट्यास एक मोटारसायकल, तिचे नोंदणीपुस्तक, बिस्किटांचा एक गंजका पत्र्याचा डबा आणि लाल कापडी बांधणीची एक लांबट वही एवढा ऐवज आला. वडील निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. दुसऱ्याच्या मालाचे बोद मोजून त्यांची आवकजावक लिहिण्यात ज्याचा हात आयुष्यभर मुरला, त्या गृहस्थाने स्वतःच्या गाडीचाही जमाखर्च तितक्याच निर्विकारपणे ठेवावा, यात नवल काही नव्हते. नवल वाटले ते त्या नोंदींतील दोन क्रियापदांचे. "पॉइंट नवा, कोल्हापूरचा. बसला. लागला नाही." असे एका पानावर होते. पुढे दोन वर्षांनी, "कॉइल, पुण्याहून मागविली. बसली नाही, बसविली. लागली." डब्यातले सुटे भाग वर्तमानपत्राच्या कपट्यांत गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेले होते आणि त्या प्रत्येक पुडीवरही याच मासल्याचा शेरा होता, जणू एखाद्या प्रदीर्घ खटल्यातील मुद्देमालच.

बसणे आणि लागणे यांत एवढे अंतर असू शकते, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कळले नव्हते. किल्ली कुलपात बसते, परंतु कुलूप उघडेलच असे नाही; औषध घशाखाली उतरते, परंतु लागू पडेलच असे नाही; आणि स्थळ पत्रिकेत सर्वांगांनी बसूनही पुढे काय होते, हे आपण सगळेच चार घरांत पाहत असतो. यंत्राच्या बाबतीत मात्र मी भाबडेपणाने असे समजत होतो की, भोकात भोक आले, आट्यात आटा गेला, की कार्य सिद्धीस गेले.

गाडी म्हणजे 1967 सालची जावा. जावा हे नाव बेटावरून आलेले नसून प्राग शहरातील यानेचेक नावाचा कारखानदार आणि ज्या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क त्याने विकत घेतले ती वांडरर, या दोहोंची आद्याक्षरे जोडून 1929 मध्ये ते सिद्ध झाले आहे, हे वडिलांना ठाऊक होते आणि ते ऐकणाऱ्यास ठाऊक नसणार या खात्रीने ते प्रत्येक पाहुण्याला सांगत असत. इराणी आडनावाच्या पारशी उद्योजकांनी म्हैसुरात आयडियल जावा हा कारखाना काढला आणि 1961 पासून तेथे या गाड्या बनू लागल्या. पुढे जावा हे नाव सुटले, येझदी हे आले, ते इराणातील याझ्द या शहराची आठवण ठेवणारे. आणि 1996 मध्ये कारखान्यास टाळे लागले. आता 1967 हे वर्ष आमच्या मुलखात कशासाठी लक्षात राहिले आहे हे सीमाभागातल्या वाचकाला सांगावयास नको. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल त्याच वर्षी आला. ज्या म्हैसूर राज्यात आपणांस घालण्यात आले म्हणून निपाणी-बेळगावात सभा आणि सत्याग्रह चालले होते, ते राज्य ज्या नगरीचे नाव मिरवीत होते तेथूनच आलेली गाडी वडिलांनी त्याच वर्षी दारात उभी केली. तिची जिल्हाबदली, भाषा किंवा हद्द यांविषयी कोणीही हरकत नोंदविली नाही. स्वतः वडील महाराष्ट्राच्या बाजूचे कट्टर. पण गाडीचा विषय निघाला की, "म्हैसूरवाल्यांचं काम चोख," एवढे बोलून ते तपकिरीची चिमूट घेत.

मार्च-एप्रिल 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले, तेव्हा हमरस्ता बंद असल्याने वडील हीच गाडी पाणंदींतून आणि शेताच्या बांधांवरून हाकीत वखारीत जात. खरे पाहता त्यांची नोकरी व्यापाऱ्याकडे आणि सहानुभूती शेतकऱ्याकडे, अशी ती विचित्र अवस्था होती. 6 एप्रिलला गोळीबार झाला. त्या तारखेस वहीत केवळ "गाडी काढली नाही" असे आहे. एवढ्या थोड्या शब्दांत एवढे मोठे मौन मी अन्यत्र वाचलेले नाही.

आता मूळ दुखण्याकडे यावयास हरकत नाही. गाडी ताब्यात आल्यावर मी ती धुतली, टाकी स्वच्छ केली, पाच लिटर पेट्रोलला दोनशे मिलिलिटर तेल या मापाने मिश्रण भरले, आणि गाडी चालू झाली. जावाची किक आणि गिअरचा दांडा हे एकच अवयव असतात. उभा केला की किक, पुढे टेकविला की गिअर. या युक्तीचे कौतुक करीत मी निपाणीहून दक्षिणेस निघालो आणि तवंदीच्या घाटात, अर्ध्या चढावर, गाडी कोणत्याही पूर्वसूचनेवाचून निवांत झाली. वरच्या वळणाजवळ चहाची एक टपरी आहे. तेथवर ढकलीत नेली, दोन चहा झाले, पाऊण तास गेला, आणि किक मारताच ती सुरू झाली. जणू तिलाही चहाच हवा होता. हा प्रकार त्या महिन्यात चार वेळा घडला. टपरीवाला मला दुरून ढकलताना पाहूनच आधण ठेवू लागला. थंड असताना चालू, तापल्यावर बंद, निवल्यावर पुन्हा चालू, असे या रोगाचे स्वरूप होते, आणि तज्ज्ञ म्हणविणाऱ्या तिघांनी अनुक्रमे कार्ब्युरेटर, पिस्टन आणि माझे चालविणे यांवर ठपका ठेवला.

निपाणीच्या जुन्या वस्तीत एक वृद्ध मेस्त्री आहेत. त्यांच्या दुकानावर पाटी नाही. त्यांनी गाडीची उजवी बाजू खोलली, डायनमोच्या तोंडावरची पॉइंटची तबकडी उघडी केली, इंजिन हाताने फिरवून पाहिले आणि मला वाकावयास सांगितले. पॉइंट म्हणजे दोन बारीक टिकल्या. एक स्थिर, एक हलती. "दिसतंय काय बघा. एकीवर डोंगर, दुसरीवर खड्डा. कंडेन्सर गेलाय ओ. कार्बोरेटरला कशाला शिव्या देतासा?"

त्या टिकल्यांचे कार्य मी त्या दिवशी प्रथम समजावून घेतले, आणि ज्या गोष्टीवर आपण वर्षानुवर्षे बसून हिंडतो तिच्याविषयी आपण किती अज्ञानी असतो याची लाज वाटली. बॅटरीतला सहा व्होल्टचा क्षीण प्रवाह कॉइलमधून वाहत असतो. दांडीवरच्या उंचवट्याने, म्हणजे कॅमने, टिकल्या अलग केल्या की तो तुटतो. आणि तो तुटल्याच्या धक्क्यानेच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळून प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. प्रवाह चालू असताना नव्हे, तो खंडित होताना. आणि हा खंड स्वच्छ पडावा, टिकल्यांमध्येच ठिणगी उडून शक्ती वाया जाऊ नये, यासाठी तो कंडेन्सर नावाचा अंगठ्याएवढा डबा उसळी पोटात घेतो. त्याची धारणाशक्ती कमी वा अधिक झाली तर एका टिकलीचा धातू उडून दुसरीवर बसतो; तोच मेस्त्रींचा डोंगर आणि खड्डा. आतला कागद जुना झाला की तापल्यावर त्याचे अवसान गळते, निवल्यावर परत येते. दोनघाती इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला चार हजार फेरे धरले तर सेकंदाला सहासष्ट वेळा हे तुटणे-जोडणे बिनचूक घडावे लागते.

पण यापुढचे मेस्त्रींचे वाक्य माझ्या अधिक लक्षात राहिले. ठिणगी पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर पडून चालत नाही. इंधनाला पेट घ्यावयास काही काळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्याच्या थोडा अलीकडे असतानाच ती पडावी लागते. "येळेवर पडली की उशीर झाला म्हणायचं," मेस्त्री म्हणाले. हलत्या टिकलीच्या पायाशी फायबरचा एक ठोकळा असतो, तो कॅमवर घासून झिजतो, टिकल्यांतली फट कमी होते, आणि ठिणगी दिवसेंदिवस किंचित उशिरा पडू लागते. गाडी बंद पडत नाही. नुसती जड होते, तापते, चढावर कुरकुरते. आणि मालक म्हणतो, गाडी म्हातारी झाली.

सुट्या भागांचा शोध येथून सुरू झाला. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर. दोन्ही दिशांना आमच्या गावाने शतकभर तोंड केलेले आहे, तेव्हा मीही केले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका दुकानदाराने तत्परतेने पॉइंटची एक चकचकीत पुडी पुढे केली. तबकडीवर तो इतका सुरेख बसला की मी मेस्त्रींकडे विजयी मुद्रेने पाहिले. त्यांनी टिकली नखाने दाबून सोडली. स्प्रिंग मऊ होती. वेग वाढताच हलती टिकली कॅमच्या मागोमाग परतू न शकता हवेतच थरथरत राहणार होती. शिवाय टिकल्या टंगस्टनच्या नव्हत्या, कसल्या होत्या ते बनविणाराच जाणे. माझ्या हातून त्या दिवशी वहीत पहिली नोंद झाली: "बसला. लागला नाही."

बेळगावास गेलो तेव्हा किर्लोस्कर रोडवरून जाताना एका गोष्टीची आठवण होणे क्रमप्राप्त होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता सायकली खरेदी करून बेळगावास वडीलबंधू रामुअण्णांकडे धाडीत, आणि रामुअण्णा त्या येथे विकीत. 1888 पासूनची ही कथा. पुढे येथेच लोखंडी नांगर घडला, आणि मग नगरपालिकेला ती जागा वस्तीच्या वाढीसाठी हवी झाल्यामुळे कारखान्याला बेळगाव सोडून 1910 मध्ये औंध संस्थानातील माळरानावर, आजच्या किर्लोस्करवाडीत, जावे लागले. रस्त्याला नाव उरले. गावाने ओतकामाची आणि यंत्रकामाची विद्या मात्र सोडली नाही. उद्यमबागेतल्या भट्ट्या आणि लेथ तिची साक्ष देतात. खडेबाजाराच्या परिसरात सुट्या भागांची जी दुकाने आहेत, त्यांतील एका पोटमाळ्यावर मला अडीच तास बसावयास मिळाले, ते मी माझ्या आयुष्यातील उत्तम वाचनालयांपैकी एक समजतो.

दुकानदार मराठीत किंमत सांगत होते, नोकराला कानडीत फळी सांगत होते, आणि फोनवर हिंदीत कोणाचा तरी तगादा परतवीत होते. पॉइंट, प्लग, कॉइल हे शब्द तिन्ही भाषांत तेच असल्याने मला सगळे कळत असल्याचा भास होई. "ओरिजिनल कुठलं येतंय ओ आता? कारखानाच गेला की." असे म्हणत त्यांनी एकामागून एक खोकी उतरविली. राजदूतचे पॉइंट, लॅम्ब्रेटाचे पॉइंट, स्कूटरचे कंडेन्सर, कोणत्या गाडीचे हे पुडीलाच आठवत नाही अशा टोप्या आणि तारा. प्लगांच्या बाबतीत त्यांनी मला एक शहाणपण दिले. प्लग थंड की गरम हे अंकावरून ओळखतात, परंतु एनजीकेचा अंक जसजसा मोठा तसतसा प्लग थंड, आणि बॉशच्या नव्या पद्धतीत नेमके उलट; जुन्या पद्धतीत पुन्हा सुलट. त्यामुळे बंगळूरच्या मायकोचा जुना प्लग आणि आजचा प्लग शेजारी ठेवून नुसते आकडे जुळवू पाहणारा मनुष्य हमखास फसतो. दोन्हींचा आटा चौदा मिलिमीटरचाच, दोन्ही बसतात.

कॉइलचीही तीच कथा. बारा व्होल्टची कॉइल स्वस्त आणि मुबलक. ती सहा व्होल्टच्या गाडीत आनंदाने बसते आणि ठिणगी अशी देते की, पाहणाऱ्यास तिची दया यावी. सुदैवाने माझी कॉइल, वडिलांनी बसविलेली आणि लागलेली, अजून शाबूत होती.

दुकानदारांच्या चिरंजीवाने मला अखेर सरळ सल्ला दिला: हे सगळे उपटून टाका, चेक देशात वेप या नावाने अशाच जुन्या जावांसाठी बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक संच बनतो, तो मागवा, पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, झिजणे नाही. सल्ला अगदी रास्त होता. जुन्या यंत्राच्या पावित्र्याच्या नावाखाली अशा संचाला नाके मुरडणाऱ्यांचे मला कधी पटलेले नाही. घाटात रात्री अकराला गाडी ढकलण्यात पावित्र्य कसले? तरीही मी तो घेतला नाही. कारण उदात्त नव्हते. वहीची सोळा पाने कोरी होती, आणि झिजतच नाही अशा वस्तूची नोंद कोणत्या सदरात करावी हे मला सुचेना.

मी परतलो तो एक जुना येझदीचा पॉइंट घेऊन. त्याची पुडी पिवळी पडलेली, टिकल्यांवर काळसर पापुद्रा, पण स्प्रिंग कणखर. कंडेन्सर मिळाला तो फियाटचा, अर्थात पद्मिनी मोटारीचा. मी संकोचाने तो पुढे केला. मेस्त्री प्रसन्न झाले. "ह्योच पायजे होता. माप जवळपास तेच असतंय. आत न्हाई बसणार, बाहेर बसवू." मग त्यांनी तो डायनमोच्या उकाड्यापासून दूर, टाकीखाली कॉइलशेजारी, पट्टीने आवळला आणि लांब तार ओढून पॉइंटशी जोडला. जो बसला नाही, तोच लागणार होता.

आता उरले टायमिंग. पॉइंटला झिरो पेपर मारून झाला, फीलर गेजने फट 0.4 मिलिमीटर धरली, आणि मेस्त्रींनी पोराला सिगारेटचे पाकीट आणावयास पिटाळले. पोरगा बराच वेळ आला नाही. ज्या गावात घरोघर विड्या वळतात तेथे विडीला कागद नसतो, टेंभुर्णीचे पान असते. आणि टिकल्यांमध्ये धरावयास झिरझिरीत कागदच लागतो. तोवर मी सहज तो पत्र्याचा डबा मेस्त्रींपुढे सरकविला. त्यांनी पुड्या चाचपल्या, शेरे वाचले, एक-दोन ठिकाणी हसले, आणि तळाशी गुंडाळून ठेवलेली एक लांब पुडी सोडविली. आत सायकलचा एक आरा होता, एक टोक घासून गोल केलेला. वर कपट्यावर वडिलांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता, "वेळ". तो अडगळीत टाकण्याचे माझ्या मनात दोनदा येऊन गेले होते.

मेस्त्रींनी आरा चष्म्याजवळ नेला. त्यावर कानशीने पाडलेल्या दोन बारीक खाचा होत्या, एकमेकींपासून काही मिलिमीटर अंतरावर. काहीएक न बोलता त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून आरा आत सोडला, चाक हळूहळू फिरविले. आरा वर आला, वर आला, आणि पहिली खाच भोकाच्या काठाशी येऊन थांबली. पिस्टन माथ्यावर. मग चाक उलटे, दुसऱ्या खाचेपर्यंत. "हितं ठिणगी," ते म्हणाले. "माझ्या वस्तादाची खाच आहे ही. अशी तिरकी कानस त्येच मारायचे." हा आरा दुसऱ्या कोणत्या गाडीला चालला नसता. हेच भोक, हाच तिरकसपणा, हेच इंजिन असेल तरच त्या खाचांना अर्थ होता.

पाकीट आले. कागदाची चिंधी टिकल्यांत धरून मेस्त्री ती अलगद ओढून धरीत होते, मी चाक फिरवीत होतो, आणि आरा दुसऱ्या खाचेशी येताच कागद सुटून त्यांच्या बोटात आला पाहिजे, अशी ती परीक्षा होती. पहिल्यांदा तो उशिरा सुटला. तबकडी केसभर सरकविली. दुसऱ्यांदा फार लवकर. पाचव्या की सहाव्या खेपेस खाच आणि कागद यांची गाठ पडली. मेस्त्रींनी स्क्रू आवळले, पुन्हा एकदा तपासले, कारण आवळतानाच तबकडी सरकते, आणि मग कव्हर बंद केले. जुना पॉइंट मी टाकावयास निघालो तेव्हा त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला, कपट्यात गुंडाळला आणि डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात मी तवंदीकडे निघालो. तिसऱ्या गिअरवर गाडी चढत होती, तो जुना, थोडा फुटका, झांजेसारखा आवाज डोंगरावरून परतून येत होता, आणि जेथे ती आजवर थांबत आली होती ते वळण मागे पडल्याचे मला पुढच्या वळणावर लक्षात आले. टपरीपाशी मी स्वतःहून गाडी बाजूस घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. तापलेले इंजिन टिकटिक वाजत होते. तापल्यानंतरची किक, हीच काय ती कसोटी.

टपरीवाल्याने मान वर केली. "आज बी बंद पडली काय ओ?"

"पडली नाही. मी बंद केलीय."

त्याने माझ्याकडे एकदा आणि गाडीकडे एकदा पाहिले, मान हलविली, आणि नेहमीप्रमाणे दोन चहांचे आधण ठेवले.